सीमेपलीकडचा परवाना

१२ जानेवारी २००६, गुरुवार

वकील म्हणाला, "केंपे, जे जे होईल ते तारीख घालून लिहून ठेवा. कोण काय बोललं, कुठल्या सुरात बोललं, सगळं. पुढे उपयोगी पडेल." म्हणून ही वही. नाहीतर मला लिहिण्याची हौस नाही. मी विटा रचणारा माणूस. लोकांच्या घरात टाइल्स लावलेल्या, ऊब देणाऱ्या भट्ट्या बांधतो. या डोंगरात थंडी हटता हटत नाही, तेव्हा अर्धा तालुका माझ्या हातच्या उबेवर बसलेला असतो. त्या माणसाला आज परिवहन कचेरीत तासभर बाकावर ताटकळत ठेवलं आणि मग काचेमागच्या बाईने ऐकवलं, "बंदीची मुदत संपली म्हणजे लायसन्स आपोआप परत मिळत नाही, केंपे. आधी मानसशास्त्रीय चाचणी."

तिला आमच्याकडे येड्यांची परीक्षा म्हणतात. मी, गेर्नोट केंपे, येडा!

गेल्या वर्षी काय झालं तेही इथे लिहून ठेवतो, कारण कचेरीच्या कागदावर भलतंच लिहिलंय. रस्त्यावर बर्फ होता. गाडी घसरली आणि बसथांब्याच्या छपराला लागली. बस्स. थांब्यावर कुणी नव्हतं. म्हणजे म्हातारी उलिश होती, पण तिने वेळेवर उडी मारली. तिचं मनगट मोडलं ते पडल्यामुळे, माझ्या गाडीमुळे नव्हे. आणि माझ्या रक्तातला आकडा मी इथे लिहीत नाही. ती यंत्रं कशी असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

१७ जानेवारी, मंगळवार

कारोलाने मला कामावर सोडलं. माझी बायको गाडी चालवते हे बघणं म्हणजे शिक्षाच. तिच्याकडे लायसन्स आहे, पूर्व जर्मनीच्या जमान्यातलं, पण चालवायची वेळ मी तिच्यावर कधी येऊ दिली नव्हती. आता व्हॅन तिच्याच ताब्यात. वळणावर किती हळू! आणि चालवताना गुणगुणते. मी म्हटलं, "लक्ष रस्त्यावर ठेव." तर म्हणाली, "लक्ष आहे म्हणून तर गाणं सुचतंय." म्हणजे काय, कळलं नाही.

बुधवारी ती त्याच व्हॅनमधून पोहायला जाते म्हणे. इतकी वर्षं पाण्याकडे ढुंकून बघितलं नाही. शेफारली आहे.

२ फेब्रुवारी, गुरुवार

चाचणी झाली. समोर बसलेली मानसशास्त्रज्ञ माझ्या मुलीपेक्षा लहान, कानात चांदीचे डूल.

"दिवसाला किती पिता?"

"पीत नाही. दुपारी जेवणाबरोबर दोन बिअर, संध्याकाळी दोन-तीन."

"आणि सकाळी?"

"सकाळी पोटासाठी जडीबुटीचा एक घोट. ते औषध आहे. माझे वडीलही घ्यायचे."

"वडिलांचं काय झालं?"

"वारले. यकृताने. पण त्यांना कावीळ होऊन गेली होती."

तिने ते लिहून घेतलं. काय लिहिण्यासारखं होतं त्यात? मग विचारते, "शेवटचं कधी वाटलं की जरा जास्तच झाली?" मी म्हटलं, "तुमच्यासारखी माणसं भेटली की कमीच पडली असं वाटतं." फोल्कमारच्या खानावळीत या उत्तरावर टेबलं बडवली असती लोकांनी. ती हसली नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

नापास. "स्वतःच्या वर्तनाची जाणीव नाही." मला कशाकशाची जाणीव आहे ते एकदा त्या पोरीला कुणीतरी सांगा.

१८ फेब्रुवारी, शनिवार

फोल्कमार आमच्या गावच्या खानावळीचा मालक. माझ्या भल्याचा विचार करणारा गावात आता तो एकटाच उरलाय. आज त्याने मला गल्ल्याजवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "गेर्नोट, चेक लोक युरोपीय संघात आलेत की नाही?"

"आलेत. त्याचं काय?"

"अरे, त्यांचं लायसन्स आणि आपलं लायसन्स आता एकच. तोच गुलाबी रंग, तीच निळी पट्टी, तेच तारे. तिकडे काढलंस तरी इकडे चालतं. आपली कचेरी नाही म्हणूच शकत नाही. वरच्या कोर्टाने सांगितलंय."

"आणि ती येड्यांची परीक्षा?"

"तिकडे ते खूळच नाही! पण लवकर उरक. उन्हाळ्यानंतर म्हणे नियम बदलणार. आधी अर्धं वर्ष तिकडे राहावं लागेल, मग लायसन्स."

मला चेक लोकांबद्दल काही प्रेम नाही. लहानपणापासून बघतोय. आमच्या दुकानातले बूट त्यांनी पळवले आणि त्यांच्याकडची बिअर आम्हाला विकली. पण आपल्याच लोकांनी तोंडाला पानं पुसली की माणूस शेजाऱ्याचं दार वाजवतो. फोल्कमारने एक ग्लास स्वतःच्या खर्चाने दिला. असा माणूस विरळा.

५ मार्च, रविवार

आज केक खायला इनेस आली होती. आमची मुलगी. नवरा होल्म आणि छोटी फ्रीडाही होते. मी चेकची बातमी सांगितली. वाटलं होतं, सगळे खूश होतील.

कारोलाने कॉफी ओतता ओतता विचारलं, "तिकडे तुला काही विचारतात का?"

"काय विचारायचंय?"

"काही नाही," म्हणाली आणि किटली घेऊन आत गेली. किटली भरलेलीच होती.

इनेस म्हणाली, "बाबा, लायसन्स नवीन मिळेल. पण तू तोच राहशील ना?"

"अर्थात तोच! मला बदलणारा अजून जन्माला यायचाय."

होल्म खिडकीतून बाहेर बघत बसला. हा जावई माझ्याकडे बघून कधी बोलतच नाही. मी फ्रीडाला म्हटलं, "आता आजोबा तुला गाडीतून बालवाडीतून आणणार, काय?" तर इनेसने तिला मांडीवर ओढून घेतलं, जणू मी तिला पळवूनच नेतोय. हे सगळं होल्मचं शिकवणं.

१३ मार्च, सोमवार. लिपोवा

सीमा ओलांडून मिनीबसने आलो. आम्ही सगळे अन्यायाचे बळी. एक दातांचा डॉक्टर, एक फुलवाली, ड्रेसडेनचा एक वकील (तो तर कायद्याचाच माणूस!) आणि मी. डॉक्टरच्या थर्मासमध्ये कॉफी नव्हती. त्याने माझ्याकडेही सरकवला. सुशिक्षित माणूस.

ड्रायव्हिंग शाळेचा मालक शेबेस्टा आमच्या स्वागताला दारात उभा होता. पांढरे दात, चांगलं जर्मन. "इथे तुम्हाला कुणी तुमच्या बालपणाविषयी विचारणार नाही," म्हणाला. सगळे हसले. मला हा माणूस आवडला. चेक असूनही.

१५ मार्च, बुधवार

अक्षर वाकडं येतंय. रागाने.

आज गाडी चालवायची पाळी माझी होती. शिकवायला व्रानोवा नावाची बाई. साठीला टेकलेली, आखूड केस, हाडकुळी. आमची भाषा खडी फोडल्यासारखी बोलते. मी स्टिअरिंगमागे बसलो, पट्टा लावला, आरसा नीट केला. सगळं नियमाप्रमाणे. ती शेजारी बसली आणि किल्लीवर हात ठेवून म्हणाली, "तोंड उघडा."

"काय?"

"तोंड. हा करा. हाऽऽ."

"बाई, तुम्ही दातांच्या डॉक्टर आहात का? तो मागे बसलाय."

"उतरा."

मी म्हटलं, मी पैसे भरलेत. सकाळी न्याहारीबरोबर सगळे जण एक बिअर घेतात. तुमच्याच देशात ती पाण्यासारखी वाहते आणि तुम्हीच मला शिकवता? त्यावर ती काय म्हणाली ते शब्दन् शब्द लिहून ठेवतो, वकिलाला दाखवायला.

"आमच्या देशात जो चालवतो तो एक थेंबही पीत नाही. थेंब म्हणजे थेंब. तुमच्या देशाने तुम्हाला नाही म्हटलं. का म्हटलं ते मला न विचारता कळलं, नुसत्या वासाने. उतरा आणि पायी जा. चालण्याने वास जातो."

सगळ्यांच्या देखत! फुलवाली खिडकीकडे तोंड करून बसली. मी खाली उतरून ओरडलो, "हे कार्ड मला मिळणारच! ते मी तुमच्या नाकासमोर नाचवेन!"

"नाचवा," ती म्हणाली. "माझी लेक सीमेपलीकडे तुमच्याकडच्या इस्पितळात काम करते. रोज तुमच्याच रस्त्याने जाते. तिलाही दाखवा. लांबून दाखवा."

आणि गाडी घेऊन निघून गेली. मी फुटपाथवर. अंगाचा नुसता तिळपापड.

१६ मार्च, गुरुवार

शेबेस्टाने माफी मागितली. "बाई जुन्या वळणाच्या आहेत हो." मला दुसरा शिक्षक दिला. तो गाडीत बसल्यापासून मोबाइलवर बोलत होता. उत्तम शिक्षक.

७ एप्रिल, शुक्रवार

पास! दुभाष्याने प्रश्न असे वाचले की बरोबर उत्तरावर आला की त्याला खोकला यायचा. व्रानोवा बाई अंगणात सिगारेट ओढत उभ्या होत्या. मी मुद्दाम त्यांच्यासमोरून गेलो आणि टोपी काढली. त्यांनी धूर सोडला. हरली बाई.

२१ एप्रिल, शुक्रवार

कार्ड हातात आलं. माझा फोटो, माझं नाव, आणि वर डावीकडे निळ्यात बारा ताऱ्यांचं कडं. वरचे शब्द तेवढे चेकमध्ये, बाकी सगळं आपल्यासारखंच, रकान्यांचे आकडेसुद्धा. आता लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत कुणाचा बाप मला अडवू शकत नाही. फोल्कमारकडे सगळ्यांना पाजलं. कार्ड हातोहात फिरलं, परत आलं तेव्हा ओलं झालं होतं.

कारोलाला दाखवलं. तिने हात पुसून ते घेतलं, फोटो बराच वेळ बघितला. म्हणाली, "दमलेला दिसतोस यात."

२६ एप्रिल, बुधवार

कारोलाच्या जुडग्यातून व्हॅनची किल्ली काढून घेतली. तिच्या जुडग्यात आता घराची आणि पत्रपेटीची, दोनच किल्ल्या. पुरे की.

"मला बुधवारी लागते गाडी," ती म्हणाली.

"बस आहे."

"पाऊस पडतोय, गेर्नोट. आणि थांब्याला छप्पर नाही."

खरंच नाही. सव्वा वर्ष झालं, अजून बसवलेलं नाही. कर घ्यायला मात्र सगळ्यात पुढे. आमच्या नगरपालिकेचा कारभार असा. याबद्दल एक पत्र लिहायला हवं.

ती पोहायला गेली नाही. दुपारभर इस्त्री करत बसली. मी म्हटलं, बघ, किती कामं साठली होती.

४ मे, गुरुवार

आज माझा दिवस. पेट्रोल स्वस्त म्हणून पलीकडे गेलो होतो. परतताना जंगलाच्या वळणावर पोलिसांनी थांबवलं. आणि कोण? झायफर्ट! गेल्या वर्षी मला पकडणारा तोच. मला बघून त्याचा चेहरा खुलला.

"केंपे! लायसन्सशिवाय?"

मी खिशातून सावकाश कार्ड काढलं, दोन बोटांत धरून त्याच्या पुढे केलं. तो गाडीत जाऊन वायरलेसवर बोलला. बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा मेलेला उंदीर धरावा तसं त्याने कार्ड धरलं होतं.

"चालतं?" मी विचारलं.

"चालतं," तो म्हणाला. "दुर्दैवाने."

"कुणाच्या दुर्दैवाने?"

"ते अजून ठरायचंय." मग खिडकीवर वाकून हळू आवाजात म्हणाला, "केंपे, उलिशबाईंना अजूनही त्या हाताने भांडं उचलता येत नाही. कधी भेटून आलात?"

मी काच वर केली. माणसाला बोलायला मुद्दा उरला नाही की तो म्हाताऱ्या बायका मध्ये आणतो.

त्याने फुंकायला मात्र लावलं नाही. नशीब त्याचं. नाहीतर मी छळाची तक्रारच केली असती.

१९ मे, शुक्रवार

टिलो माझ्याकडे बारा वर्षं काम करतोय. हाताखाली आला तेव्हा त्याला थापी कशी धरतात तेही ठाऊक नव्हतं. मी बंदीत होतो तेव्हा तोच भाड्याच्या गाडीने सामान न्यायचा, आणि तेव्हाच तो डोक्यावर चढला. गिऱ्हाइकं फोन करतात, "टिलो आहे का?" धंदा कुणाचा, नाव कुणाचं!

आज सकाळी म्हटलं, "बस, निघू या." तो सायकलवरून उतरलाच नाही.

"मी सायकलने येतो, गेर्नोट."

"चढ आहे, येड्या. शिवाय अवजारं?"

"अवजारं तू ने. मी नाही बसणार तुझ्या शेजारी. मला दोन पोरं आहेत."

पोरांचा काय संबंध? माझ्यापेक्षा उशिरा, घामाघूम होऊन पोचला. गिऱ्हाइकाच्या बायकोने त्याला सरबत दिलं आणि मला विचारलं, "तुम्ही बरे आहात ना?" आज मी जरा चुकलो होतो हे खरं, धुराड्याची बाजू उलटी धरली. टिलोने न सांगता विटा काढून पुन्हा रचल्या. मुद्दाम, तिला दिसावं म्हणून. मला कळतं. धंदा गिळायला टपलाय.

२७ मे, शनिवार

इनेसला फोन केला. म्हटलं, सोमवारी फ्रीडाला मी आणतो, तुझा फेरा वाचेल. ती म्हणाली, "नको बाबा, आमची सोय आहे."

"कसली सोय?"

"आम्ही आणतो."

"आजोबाचा काही हक्क आहे की नाही?"

"तू घरी असशील तेव्हा येऊ. आई पण असेल तेव्हा."

आई पण! जसं काही मी एकटा असलो की घराला आग लागते. मागे होल्मचा आवाज ऐकू आला. तो "ठेव आता" म्हणत होता. बघ, म्हटलं ना.

१० जून, शनिवार

वकिलाला हे पान सगळ्यात आधी दाखवायचं.

काल फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना. देशभर गाड्यांवर झेंडे, जणू सगळ्यांनाच एकदम आपण कोण ते आठवलं. फोल्कमारने अंगणात मोठा पडदा लावला होता आणि दुपारपासून पिंप उघडलं होतं. मी थोडा वेळ बसलो. फार नाही. मग मनात आलं, फ्रीडाला घेऊन येऊ, तिने आयुष्यात हे एकदा तरी बघावं. आजोबाच्या खांद्यावर बसून झेंडा हलवेल. गोड कल्पना होती. फोल्कमार म्हणाला, "जा की!" टिलो तिथेच रस्त्यात सायकल धरून उभा होता, त्यालाही मी सांगितलं. तो म्हणाला, "गेर्नोट, मी आणतो तिला. सायकलवर पुढची खुर्ची आहे माझ्या." माझी नात, आणि हा आणणार!

झेंडा घ्यायला घरी गेलो. कारोला अंगणात आली. म्हणाली, "किल्ली दे."

"कशाला?"

"मी जाते आणायला. तू बस इथे. दे, गेर्नोट."

मी गाडीत बसलो तर ती गाडीपुढे येऊन उभी राहिली. हात खाली सोडून, नुसती उभी. वेड लागल्यासारखी. मी हॉर्न वाजवला. म्हटलं, बाजूला हो. इंजिन चालू केलं आणि थोडी पुढे घेतली, अगदी थोडी. तेव्हा झाली बाजूला. आत गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची पाठ दिसत होती, मान खाली. बटाटे सोलत असेल.

बालवाडीच्या गल्लीत वळलो तर फाटकात पोलिसांची गाडी. झायफर्ट. त्याच्यामागे पायरीवर बाई फ्रीडाचा हात धरून उभी. म्हणजे ते माझी वाटच बघत होते! वळताना दगडी कठड्याला गाडी जरा घासली, झेंडा तुटला. झायफर्ट दार उघडून म्हणाला, "किल्ली, केंपे." या वेळी त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. फुंकायला लावलं. आकडा लिहीत नाही.

कार्ड दाखवलं. म्हटलं, "युरोपात सगळीकडे चालतं हे!"

तो म्हणाला, "चालो. आजपासून फक्त इथे नाही." आणि खिशात घातलं.

फ्रीडाने मला हात केला. मीही केला असता, पण झायफर्टने दंडाला धरलं होतं. बाईने तिला आत नेलं.

आता प्रश्न एकच: त्यांना कळवलं कुणी? मी निघालो हे ठाऊक होतं दोघांनाच, फोल्कमार आणि टिलो. कारोलाला मी मोजत नाही, ती घरची. फोल्कमार गिऱ्हाइकाला कधी विकणार नाही. उरला कोण?

१२ जून, सोमवार

टिलोला काढून टाकलं. अंगणात, सगळं तोंडावर सुनावलं. बारा वर्षं माझं मीठ खाल्लंस आणि पोलिसांना फोन करतोस, धंदा हवा होता तर सरळ मागायचास.

तो उभा राहून ऐकत होता. मग विचारलं, "गेर्नोट, तुला खरंच कळत नाही?"

"काय कळत नाही?"

त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाला, "जाऊ दे." आपली थापी, ओळंबा आणि रबरी हातोडा घेतला, सायकलला बांधला. माझं गाऱ्याचं घमेलं धुऊन पालथं घालून गेला. चोराच्या मनात चांदणं, नाहीतर इतका मुकाट्याने कोण जातो?

१३ जून, मंगळवार

आज एक गंमत झाली. कारोला जेवताना समोर येऊन बसली, स्वतःचं ताट न वाढता. म्हणाली, "टिलो नव्हता. मी होते."

"काय तू?"

"फोन मी केला. आधी बालवाडीत केला, फ्रीडाला सोडू नका म्हणून सांगितलं. मग झायफर्टला."

मला हसूच आलं. टिलोची बायको हिची मैत्रीण, पोहायला बरोबर जायच्या. त्याची नोकरी गेली म्हणून हिचा जीव तुटतोय. हिचा स्वभावच तसा. इनेसने लहानपणी घड्याळ फोडलं तेव्हाही म्हणाली होती, माझ्या हातून पडलं.

मी म्हटलं, "बरं. कुठून केलास फोन?"

"स्वयंपाकघरातून."

"तेव्हा तू बटाटे सोलत होतीस. मी बघितलं."

"बटाटे नव्हतेच, गेर्नोट."

"तुला झायफर्टचा नंबर तरी माहीत आहे का?"

"पाठ आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षीपासून. आणि परत वेळ आली तर परत करेन. तू गाडी माझ्या अंगावर घातलीस."

"अंगावर? थोडी पुढे घेतली."

तिने माझं ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "तू ऐकतोयस ना मी काय सांगतेय? मी केला. मी."

"ऐकतोय," मी म्हटलं, "पण टिलोला परत घेणार नाही." तिचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण या बाईला माझ्याशी धड खोटंही बोलता येत नाही.

१४ जून, बुधवार

पोलंडविरुद्ध जिंकलो, अगदी शेवटच्या क्षणी. फोल्कमारकडे चालत गेलो, चालत आलो. छप्पर नसलेल्या थांब्यावर जरा बसलो. म्हातारी उलिश समोरून गेली, डाव्या हातात पिशवी. नमस्कारही केला नाही.

१७ जून, शनिवार

वकिलाने वही वाचली. वाचताना दोनदा चष्मा पुसला, मग बंद करून परत दिली. म्हणाला, "केंपे, ही कोर्टात दाखवू नका. कुणालाच दाखवू नका." घाबरट निघाला. दुसरा वकील बघायला हवा.

पण सगळी दारं बंद झालेली नाहीत. फोल्कमारने एक नंबर दिला, सीमेपलीकडे पोलंडमधला. फोन केला. माणूस अदबीने बोलला. म्हणाला, आमच्याकडे तेच कार्ड, तोच गुलाबी रंग, तेच तारे, फक्त वरचे शब्द पोलिश. आम्ही काही विचारत नाही. पुढच्या आठवड्यात या. आधीचं कुणी काढून घेतलं तर म्हणे काही बिघडत नाही. शेजारी असावेत तर असे, बुधवारी सामना बघताना त्यांच्याबद्दल जे बोललो ते मागे घेतो.

अडचण फक्त जायची. तिथे मिनीबस नाही, स्वतःच पोचायचं. कारोला आज सकाळीच इनेसकडे गेली, व्हॅन घेऊन. होल्म आला होता हात द्यायला. शिवणयंत्र नेलं, काहीतरी शिवायचं असेल फ्रीडासाठी. आणि हिवाळ्यातला जाड कोट नेला. जून महिना, बाहेर लोक उघडे हिंडतायत, आणि ही कोट घेऊन जाते! बायकांचं सामान बांधणं असंच. निघताना तिने काच खाली करून माझ्याकडे बघितलं. वळणावर मात्र चांगली झोकात वळली. हात बसलाय आता तिचा, हे कबूल करायला हवं.

स्वयंपाकघरात आज शांत आहे. दोन बिअर घेतल्या, त्या जेवणाबरोबरच.

उद्या संध्याकाळपर्यंत येईलच. आली की तिलाच सांगतो, पोलंडला सोड म्हणून.